अर्धं झोपलेलं बोट

झरूची करंगळी झोपली होती. तेवढंच असतं तर तिनं मनावर घेतलं नसतं. मांडी घालून बसलं की पाय झोपतो, उशाखाली घेतला की हात झोपतो. करंगळीलाही एखादे वेळी डुलकी लागू शकते. पण शेजारची अनामिका (अंगठी घालायचं बोट) अर्धीच झोपली होती. करंगळीकडची बाजू बधिर आणि मधल्या बोटाकडची बाजू टक्क जागी.

झरूनं पेन्सिलीचं टोक त्या बोटावरून आडवं फिरवून पाहिलं. कळत होतं, कळत होतं, आणि बरोबर मधोमध आल्यावर कळायचं बंद झालं. जणू एकाच बोटात दोन गावं होती आणि मधून शीव गेली होती. तिनं डोळे मिटून पुन्हा केलं. शीव तिथंच.

"बोट दुखावलं असेल तर सगळं दुखावेल ना," ती पुटपुटली. "अर्धं कसं?"

हे कुणाला विचारायची मात्र तिची हिंमत होत नव्हती.

झरूचं पूर्ण नाव निर्झरा भंगाळे. ती कौमुदीत राहायची. कौमुदी ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची, जमिनीखाली वसवलेली छोटी वस्ती. बाबा बर्फाच्या खाणीवर कामाला होते आणि सध्या तिकडेच मुक्कामाला गेले होते. आई, म्हणजे शर्वरी भंगाळे, वस्तीची बाग सांभाळायची. ही मंडळी मूळची जळगावकडच्या यावलची, तेव्हा आईनं चंद्रावर काय लावलं असेल ते सांगायला नको. पालक, मुळा, टोमॅटो वस्तीसाठी. आणि कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडात, सगळे नको नको म्हणत असताना, केळ. त्या केळीला आता कुठे केळफूल आलं होतं. चंद्रावरचं पहिलं. आई रोज सकाळी आधी झरूच्या कपाळाला हात लावायची आणि मग जाऊन त्या केळफुलाला.

आणि कौमुदीचा एक नियम होता. कुणाला काही दुखलं खुपलं आणि त्याचं कारण सापडलं, तर इलाज इथंच. कारण सापडलं नाही, तर मिळेल त्या यानानं पृथ्वीवर रवानगी. मागच्या वर्षी केवल नावाच्या मुलाला चक्कर यायची. कारण कळेना, म्हणून तो आईबाबांसकट परत गेला. परत गेलेल्या मुलांना मोठं होईपर्यंत पुन्हा इथं येता येत नाही. येत्या गुरुवारी यान सुटणार होतं.

म्हणून झरू गप्प होती. पण आईपुढे गप्प राहून कितीसा उपयोग?

पृथ्वीवर हातातून वाटी पडली की सगळे वाटीकडे बघतात. चंद्रावर वस्तूंचं वजन सहापट कमी, त्यामुळे वाटी इतकी सावकाश पडते की दुसरीकडे बघायलाही वेळ मिळतो. संध्याकाळी जेवताना झरूच्या उजव्या हातातून वरणाची वाटी सुटली, तेव्हा आई वाटीकडे बघतच नव्हती. ती बोटांकडे बघत होती.

"कधीपासून?" आईनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"झरू."

"परवापासून," झरू म्हणाली. "बधिर झालंय थोडंसं. दुखत नाहीये गं."

"दुखत नाही म्हणून तर भीती वाटते," आई म्हणाली. तिनं वरण पुसलंसुद्धा नाही. यावलच्या घरात कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे कोमट तेल, आणि दुसरा म्हणजे हात गळ्यात बांधणे. आईनं बोटं तेलानं चोळचोळ चोळली आणि ओढणीची झोळी करून हात चांगला घट्ट दुमडून झरूच्या गळ्यात बांधला. "आता हलवू नकोस. निजतानाही असाच ठेव."

सकाळी झोळी सोडली तर बोटं आणखी बधिर. आणि नवीनच एक गंमत झाली होती, जिच्यात गंमत काहीच नव्हती. झरूनं पाची बोटं एकमेकांना चिकटवली, तर चार चिकटली आणि करंगळी रुसल्यासारखी बाजूलाच राहिली. तिला जवळ ये म्हटलं तरी येईना.

आईनं ते पाहिलं आणि ती झरूला तडक उपचारखोलीत घेऊन गेली.

उपचारखोलीत साळू होती. साळू म्हणजे यंत्रमानव. तिच्या पाठीवर इतक्या तारा आणि दांड्या उभ्या असायच्या की मुलांनी तिला साळिंदराचं नाव दिलं होतं. साळूला ते आवडायचं की नाही कुणास ठाऊक. पण हाक मारली की ती यायची.

"पडलीस का?" साळूनं पहिला प्रश्न केला.

"नाही," झरू म्हणाली. आणि ते खरंच होतं.

"कापलं? भाजलं? ताप आला?"

"नाही. नाही. नाही."

साळूनं झरूच्या करंगळी आणि अनामिकेच्या बेचक्यात एक कागद धरायला दिला आणि हलकेच ओढला. कागद अलगद निघून आला. डाव्या हातात तोच कागद फाटेपर्यंत सुटला नाही.

"बधिरता आहे, अशक्तपणा आहे," साळू म्हणाली. "कारण माहीत नाही."

"थांब," आई म्हणाली. "माहीत नाही म्हणजे काय? तुझ्या डोक्यात अख्खं वैद्यकशास्त्र भरलंय ना? काय असेल ते सांग."

"शर्वरीताई, मला अंदाज बांधायची परवानगी नाही. यंत्राचा अंदाज चुकला तर माणसं तो खरा धरून चालतात, म्हणून. माणसानं अंदाज सांगितला तर मी तो तपासते. खरा की खोटा ते सांगते."

मग आई अंदाज सांगू लागली. रात्रभर जागून तिनं ते जमवले असावेत, कारण एकापाठोपाठ एक येत होते आणि सगळे भीतीचे होते. मेंदूत काही झालंय का? साळूनं झरूच्या डोळ्यांत उजेड पाडला, तिला हसायला लावलं, एका रेषेवरून चालवलं. खोटा. रक्तात काही कमी आहे का? साळूनं थेंबभर रक्त घेतलं. खोटा. किरणांचा परिणाम? झरूच्या कपड्यांवरची किरणमापक पट्टी साळूनं वाचली. खोटा. आईचे अंदाज संपले.

"गुरुवारच्या यानात जागा राखून ठेवू?" साळूनं विचारलं. "उद्या संध्याकाळपर्यंत कळवावं लागेल."

"दोन," आई लगेच म्हणाली.

"आई, केळफूल आत्ता कुठे..." झरू म्हणाली.

"केळीला दुसरं कुणीतरी बघेल." आईनं झरूची बटणं लावायला घेतली, जी झरूची झरूला लावता आली असती. "तुला दुसरं कोण बघणार आहे?"

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण दुसरं बटण तिनं तिसऱ्या काजात घातलं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. झरूला वाटलं, आई ओरडली असती तर बरं झालं असतं.

बागेत पाणी सोडायची वेळ झाली होती. यान काय किंवा आजार काय, मुळ्याला त्याचं काय? दोघी बागेत गेल्या. कौमुदीत पाण्याचा थेंब न् थेंब खाणीतून काढावा लागतो, म्हणून सगळ्या वाफ्यांना ठिबक होतं. मोठ्या नळीतून फाटे फुटलेले, फाट्यांवर ठरावीक अंतरानं बारीक तोट्या, आणि तोटीखाली एकेक रोप.

पालकाच्या वाफ्याशी आई थांबली. वाफ्याची डावी बाजू हिरवीगार होती आणि उजवी बाजू माना टाकून बसली होती. बरोबर मधून, कुणी दोरी धरून आखावी तशी, ओल्या आणि कोरड्या मातीची शीव गेली होती.

"बघ गं जरा," आई थकल्या आवाजात म्हणाली. "कुठे अडलंय ते."

हे काम झरूला चालायला यायच्या आधीपासून यायचं म्हटलं तरी चालेल. ठिबक अडलं की सुकलेल्या रोपाकडे बघत बसायचं नसतं. रोपाचा काही दोष नसतो. नळीवरून उलटं मागे जायचं. शेवटची ओली तोटी शोधायची, पहिली कोरडी तोटी शोधायची, आणि बिघाड त्या दोघींच्या मध्ये. यावलचे आजोबा हे आईला शिकवून गेले आणि आईनं झरूला शिकवलं.

झरू वाकली. या वाफ्याला दोन बाजूंनी दोन नळ्या होत्या. डावी नळी डावी अर्धी बाजू भिजवायची, उजवी नळी उजवी. डावी ठणठणीत होती. झरू उजव्या नळीवरून मागे मागे गेली. कोरडी, कोरडी, कोरडी. ओली. मध्ये कुणीतरी खताची पेटी नळीवर ठेवून दिली होती.

तिनं पेटी सरकवली. नळी फाटली नव्हती, चेपली होती. पाणी लगेच आलं नाही. नळी हळूहळू फुगून गोल झाली, आणि मग पहिल्या तोटीवर एक थेंब जमू लागला.

झरू थेंबाकडे बघत राहिली. मग तिनं आपल्या बोटाकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "माझ्या बोटाला दोन नळ्या आहेत का गं?"

आईनं कधी केलं नव्हतं ते केलं. पाणी चालू ठेवून, हात न धुता, ती झरूबरोबर धावत निघाली.

"मला नळ्या दाखव," झरू साळूला म्हणाली. "हाताच्या. पाण्याच्या नाही, कळण्याच्या."

साळूनं भिंतीवर एक मोठा हात उजळवला. त्यात मानेपासून बोटांपर्यंत पिवळे धागे उतरत होते.

"हे मज्जातंतू (मेंदू आणि अवयव यांच्यात निरोप नेणारे धागे)," साळू म्हणाली. "पण ते नळीसारखे पोकळ नसतात. त्यातून पाणी नाही, विजेचे अगदी बारीक धक्के धावतात. बोटाला काटा टोचला की निरोप वर जातो, आणि बोट हलवायचं झालं की निरोप खाली येतो."

"अनामिकेला कुठले धागे जातात?"

"दोन. मधल्या बोटाकडच्या अर्ध्या बाजूला एक धागा, हाताच्या मधून येणारा. करंगळीकडच्या अर्ध्या बाजूला दुसरा. त्याला अल्नर मज्जातंतू म्हणतात. करंगळी पूर्ण त्याचीच."

झरूनं आईकडे बघितलं. म्हणजे बोट अर्धं झोपलं नव्हतंच. त्याची एक नळी बंद पडली होती.

"पण कुठे बंद पडली?" आई म्हणाली. "मानेपासून बोटापर्यंत कुठेही असेल. मानेत असलं तर?"

"शेवटची ओली आणि पहिली कोरडी शोधू ना," झरू म्हणाली. तिनं डोळे मिटले आणि हात पुढे केला. "कापूस लाव. मला कळलं की मी ओलं म्हणेन. नाही कळलं तर कोरडं."

आईनं कापसाची वात करून लावायला सुरुवात केली. करंगळी, कोरडं. अर्धी अनामिका, कोरडं. तळव्याची करंगळीकडची कड, कोरडं. आईनं हात पालथा केला. हाताच्या पाठीवर करंगळीकडची बाजू, कोरडं. मग मनगटाच्या वर, पुढच्या हाताची आतली बाजू.

"ओलं," झरू म्हणाली. "एकदम ओलं. गुदगुल्या होतायत."

साळूच्या पाठीवरच्या दांड्या किंचित हलल्या. "ही नोंद महत्त्वाची आहे. पण अर्थ तू सांग."

झरू भिंतीवरच्या हाताजवळ गेली. अल्नर धाग्यावर तिनं बोट ठेवलं आणि बोटापासून उलटं मागे निघाली, अगदी नळीवरून जातात तसं. मनगटाच्या थोडं आधी धाग्याला एक फाटा फुटला होता, तो हाताच्या पाठीवर जात होता.

"बिघाड मनगटात असता, तर पाठीवरचा फाटा ओला राहिला असता. तो मनगटाच्या आधीच फुटतो. पण तो कोरडा आहे. म्हणजे बिघाड त्याच्या वर."

"आणि मान?" आईनं विचारलं.

झरू मानेपर्यंत गेली. तिथं अल्नर धाग्याच्या मुळाशीच आणखी एक धागा निघत होता. तो पुढच्या हाताच्या आतल्या बाजूच्या कातडीला जात होता.

"मानेत असता तर हाही कोरडा झाला असता ना? दोघं एकाच मोठ्या नळीवर आहेत. पण इथं तर गुदगुल्या झाल्या." झरूचं बोट दोन्हींच्या मधल्या भागात उतरलं आणि एका जागी थांबलं. तिथं धागा हाडाच्या एका उंचवट्यामागून जात होता. "हे काय आहे?"

"कोपर. आतल्या बाजूचं टेकाड. त्याच्या मागे एक खाच आहे, तिच्यातून अल्नर मज्जातंतू जातो. बाकी सगळीकडे त्याच्यावर मांस असतं. इथं मात्र फक्त कातडी. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत करंट लागतो, तो हाडाला नाही लागत. याला लागतो."

"माझा अंदाज कोपर," झरू म्हणाली. "तपास."

साळूनं दोन बारीक टिकल्या काढल्या. एक टिकली तिनं कोपराच्या खाली, मनगटाच्या बाजूला लावली आणि विजेचा अगदी हलका ठोका दिला. झरूची करंगळी टुणकन हलली. इतके दिवस रुसलेली करंगळी अशी उडालेली पाहून झरूला हसू आलं. मग साळूनं टिकली कोपराच्या वर, दंडावर लावली आणि तसाच ठोका दिला. करंगळी जेमतेम थरथरली.

"खालचा धागा जिवंत आहे," साळू म्हणाली. "वरचा निरोप कोपराशी येऊन अडतो. अंदाज खरा."

आई स्टुलावर बसली. खरं तर कौमुदीत कुणी फारसं बसत नाही, वजनच कमी, पाय दुखत नाहीत. पण ती बसली.

"पण कोपराला झालं काय?" साळू म्हणाली. "कारण अजून अर्धंच मिळालंय. पडलीस का?"

"नाही गं बाई. इथं पडून कुणाला काय होणार? आपण तर कापसासारखे..." झरू बोलता बोलता थांबली. तिला दोन नंबरच्या बोळातलं पोलादी दार आठवलं. शाळा सुटल्यावर ती लांब उड्या मारत येत होती, एकेक उडी दहा पावलांची, आणि वळणावर दाराची चौकट मध्ये आली होती. कोपरावर सणकन करंट बसला होता. दोन मिनिटं हात चोळला आणि विसरून गेली. सूज नाही, रक्त नाही. आणि ती पडली तर नव्हतीच.

"मी धडकले होते," ती सावकाश म्हणाली. "दाराला. पण ते हलकंच असणार ना? चंद्रावर आपलं वजन..."

"वजन कमी आहे," साळू म्हणाली. "वस्तुमान (तू मुळात जेवढी आहेस तेवढा पदार्थ) कमी झालेलं नाही. तुझं वस्तुमान यावलमध्ये जेवढं, तेवढंच इथं. खाली पडताना चंद्र तुला हळू ओढतो, म्हणून पडणं हलकं. पण आडवं धावताना वेग तुझा असतो, चंद्राचा नसतो. तेवढ्याच वेगानं धडकलीस तर मारही पृथ्वीइतकाच."

वस्तीतल्या कुणालाच हे उमगलं नव्हतं असं नाही. पुस्तकात होतंच. पण इतकी वर्षं पडून कुणाला लागलं नव्हतं, तेव्हा लागण्याची भीतीच सगळे विसरले होते.

"माझे प्रश्न पृथ्वीवर लिहिले गेले," साळू म्हणाली. "तिथं माणसं पडतात."

"आत नक्की काय झालंय?" आईनं विचारलं. "तुटलंय का?"

साळूनं कोपरावर आवाजाच्या लहरींचा चिमटा धरला (कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं आतलं चित्र काढणारं यंत्र). पडद्यावर धागा दिसला. सगळीकडे सडपातळ आणि खाचेत थोडा फुगलेला.

"तुटलेला नाही. याला मुका मार म्हणतात, कातडी न फाटता आत बसलेला मार. मज्जातंतूच्या प्रत्येक तंतूभोवती चरबीचं वेष्टण असतं, त्यामुळे निरोप वेगानं धावतो. दणक्यानं ते वेष्टण तेवढ्या जागी दुखावलं. तार शाबूत, वेष्टण खराब. शरीर वेष्टण पुन्हा तयार करतं. काही आठवडे लागतात. तुटला असता, तर नवा तंतू उगवायला फार वेळ गेला असता. तो दिवसाला साधारण एक मिलिमीटरच पुढे सरकतो."

"मग वाढलं कशानं? काल बरं होतं, आज करंगळी जवळच येत नाही," आई म्हणाली.

"कोपर दुमडलं की हा धागा टेकाडावरून ताणला जातो आणि खाच अरुंद होते. निर्झरा, तू दिवसातून किती वेळ कोपर दुमडून असतेस?"

झरूनं डोळे मोठे केले. कौमुदीच्या शाळेत खुर्च्या नव्हत्या. आडव्या दांड्या होत्या. मुलं एका दांडीत कोपर अडकवायची आणि वाघळासारखी लटकून तासन् तास वाचायची. झरू नेहमी उजवंच कोपर अडकवायची.

पण आई दांडीचा विचार करत नव्हती. ती त्या ओढणीकडे बघत होती, जी अजून तिच्या खांद्यावर होती.

"रात्रभर मीच बांधून ठेवला," ती म्हणाली.

साळूला अशा वेळी काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

"तू रोपाला पाणी घातलंस," शेवटी झरू म्हणाली. "नळी तुला कुठे दिसत होती?"

आईनं नाक ओढलं. "जास्त शहाणी झालीस." मग ती साळूकडे वळली आणि एकदम बागेतल्या आवाजात, कामाच्या आवाजात बोलू लागली. "आता करायचं काय ते सांग. आणि गोड बोलू नकोस."

"तेल चोळायचं नाही. कोपर टेकायचं नाही, लटकायचं नाही. निजताना कोपराभोवती टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे झोपेत हात दुमडणार नाही. बोटं आखडू नयेत म्हणून रोज हलकेच हलवायची. दर आठवड्याला मी ठोका देऊन बघेन. पृथ्वीवरच्या डॉक्टरांना आत्ताच सगळं कळवते."

"आणि नाहीच सुधारलं तर?"

"बोटं वाकू लागली, किंवा अंगठ्यामागचं मांस झिजू लागलं, तर पुढच्या यानानं जावं लागेल. तोवर फार उशीर झालेला नसेल. पण नक्की सुधारेल असं मी म्हणू शकत नाही. तो अंदाज होईल."

डॉक्टरांचं उत्तर दुपारी आलं. त्यांचंही तेच म्हणणं होतं. मुलीला ठेवायचं की पाठवायचं ते आईवर. बाबा खाणीवरून बोलले, आवाज खरखरत होता. ते म्हणाले, "तू जवळून बघतेयस, तू ठरव." आई चिडली. "हे बरं आहे तुमचं," असं म्हणाली. मग बराच वेळ झरूचा हात मांडीवर घेऊन कापसाची वात फिरवत बसली. ओलं, ओलं, कोरडं. ओलं, कोरडं. शीव कुठे आहे ते तिला आता डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"साळू," ती म्हणाली, "गुरुवारच्या जागा सोडून दे."

यान गेलं तेव्हा दोघी बागेतच होत्या. जमिनीला बारीक हादरा बसला, तोट्यांवरचे थेंब थरथरले, आणि मग सगळं शांत झालं. आई पुढे कितीतरी वेळ मुळ्याचा एकच वाफा खुरपत होती.

पुढचे दिवस काही सोपे नव्हते. टॉवेल गुंडाळलेला हात घेऊन झोपणं म्हणजे लाटणं कुशीत घेऊन झोपणं. शाळेत झरू जमिनीवर बसून वाचायची आणि वरून लटकणारी पोरं तिला "ए ओंडक्या" म्हणायची. ती म्हणायची, "लटका, लटका. साळूकडे जागा भरपूर आहे." ती मुलांना धागा कुठून जातो ते बोट ठेवून दाखवायची, दोघातिघांनी मग कोपर बदलून लटकायला सुरुवात केली, आणि एकीनं तर चक्क खाली बसायला.

पहिले दोन आठवडे कोपराच्या वरून दिलेल्या साळूच्या ठोक्यानं काहीच फरक दाखवला नाही. मग एका सकाळी झरूच्या अनामिकेत मुंग्या आल्या. झोपलेल्या बाजूला.

"मुंग्या म्हणजे काय?" साळूनं विचारलं. "कौमुदीत मुंग्या नाहीत."

"म्हणजे..." झरूला सांगता येईना. "म्हणजे निरोप येतायत, पण अक्षर वाईट आहे."

साळूनं ते तसंच नोंदवून घेतलं. मग तिनं आपला धातूचा हात कोपरात दुमडून सरळ केला. "माझ्या कोपरात धागा नाही. मी दाराला धडकले तर मला कळत नाही. चौकटीला पोचा पडलेला दिसला तर कळतं."

झरू त्या गुळगुळीत सांध्याकडे बघत राहिली. एक दिवस कुणीतरी साळूसारख्यांना कळणारी कातडी देईल. धागा कुठून न्यायचा, हे ठरवावं लागेल तेव्हा. खाचेतून नेला तर मार बसणार; पुढून मांसाखालून नेला तर हात सरळ करताना पुरणार नाही. शिवाय वेष्टण स्वतःच भरून येणारं हवं. इतका सगळा विचार कुणीतरी आधी करून ठेवला पाहिजे, आणि तो आत्तापासून करायला काय हरकत आहे, असं तिला वाटलं.

दोन नंबरच्या बोळातल्या दाराला आता जाड रबराची किनार लागली होती. साळूचे प्रश्नही बदलले होते. ताप आलेला माणूस आला तरी ती आधी विचारायची, "पडलात की धडकलात?"

अशाच एका दिवशी झरू केळीच्या कुंडाला पाठ टेकून, हात सरळ पसरून वाचत बसली होती. पान उलटायला डावा हात, उजवा नुसता बाजूला. आई मागून कुठूनतरी आली. पाऊल वाजलं नाही. चंद्रावर आयांची पावलं वाजत नाहीत. तिनं नेहमीचा कापूस आणला नव्हता. विचारलंही नाही. खाली वाकून तिनं झरूच्या पसरलेल्या करंगळीच्या टोकाला नुसता बोटाचा शेंडा टेकवला, इतका हलका की पानावरची माशीसुद्धा उडाली नसती.

झरूनं पुस्तकातून मान वर केली नाही.

"आई, हात किती गार आहेत तुझे," ती म्हणाली.